सरळ सहा सिलिंडरचं जुनं इंजिन उघडलंय : क्रँकचा डँपर कोणता बसवावा?

सरळसहा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जग्वारचं एक्सके ४.२ लिटरचं इंजिन पूर्ण उतरवलं आहे. ब्लॉक बोअर होऊन आला, क्रँक दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड होऊन आला, चुंबकीय भुकटीने तड्यांची तपासणीही झाली आणि क्रँक निर्दोष निघाला. पिस्टन मूळ वजनाचेच घेतले आहेत, कनेक्टिंग रॉड मूळचेच. गाडी रस्त्यावर चालणार, शर्यतीत नाही. मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या वर काटा क्वचितच जाईल.

अडलंय ते क्रँकच्या पुढच्या टोकाच्या डँपरपाशी (क्रँकची थरथर शोषणारं चाक : मधे हब, त्यावर रबर, बाहेर जड कडी). मधलं रबर कडक झालंय, कडेला बारीक भेगा आहेत आणि एका बाजूला ते फुगून बाहेर आलंय. इंजिन उघडण्याआधी पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा तुकडा) लावून खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) शोधला होता. डँपरवरची शून्याची खूण त्यापासून साधारण ९ अंश सरकलेली होती. म्हणजे बाहेरची कडी हबवरून घसरली आहे. हा डँपर आहे तसा परत बसवायचा नाही, एवढं नक्की.

समोर पर्याय असे दिसतात : हाच डँपर नवं रबर भरून घेणे, नवीन बनावटीचा त्याच मापाचा डँपर घेणे, कुठेतरी पडून असलेला न वापरलेला मूळ कंपनीचा जुना माल शोधणे, किंवा सिलिकॉन द्रव भरलेला आधुनिक डँपर बसवणे. एकाने तर "साधी ॲल्युमिनियमची पुली लाव, इंजिन मोकळं फिरेल" असंही सुचवलं.

प्रत्येकाचं म्हणणं वेगळं येतंय, पण "का" ते कोणी सांगत नाही. मला ते "का" हवं आहे.

---

स्पॅनर१३

शेवटच्या सूचनेचा निकाल आधी लावू या. साधी पुली लावू नका. बाकीच्या पर्यायांवर वाद घाला, यावर नको.

सरळ सहाचा क्रँक लांब असतो. एक्सकेचा स्ट्रोक १०६ मिमी आणि मेन बेअरिंग सात. दर स्फोटाला क्रँकचं ते कोपर पुढे ढकललं जातं, क्रँक किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. मागे जड फ्लायव्हील आहे, ते सहजी हलत नाही. त्यामुळे हा सगळा पीळ पुढच्या टोकाला सर्वांत जास्त जाणवतो. आणि तुमच्या इंजिनात पुढच्या टोकाला काय काय जोडलंय ते आठवा : टायमिंग चेनची चाकं आणि तेलपंप व डिस्ट्रिब्यूटर चालवणारा गिअर. डँपर काढला की ती थरथर थेट या सगळ्यांत जाते.

माझ्या ओळखीच्या एका गाडीत (वेगळं इंजिन, पण सरळ सहाच) हलकी पुली बसवली होती. आधी फ्लायव्हीलचे बोल्ट सैल होऊ लागले. ते पुन्हा पुन्हा आवळले गेले, कारण कोणी शोधलं नाही. नंतर क्रँक उघडला तेव्हा शेवटच्या क्रँकपिनच्या फिलेटपाशी (पिनच्या कडेच्या गोलाईपाशी) तडा सापडला, पंचेचाळीस अंशांत तिरका गेलेला. पिळाने गेलेला तडा असाच तिरका जातो.

---

कंपनमापक

स्पॅनर१३ यांच्याशी पूर्ण सहमत. "का" विचारलंत म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण पर्याय निवडायची किल्ली तिथेच आहे.

क्रँक ही एक पिळाची स्प्रिंग आहे आणि तिला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. उदाहरणापुरतं ३०० हर्ट्झ धरू. (हा आकडा फक्त गणित दाखवायला आहे. तो एक्सकेचा नव्हे.) ३०० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला १८,००० हेलकावे. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरी इंजिनात एका फेरीत तीन स्फोट होतात, म्हणून तिसरा, सहावा, नववा या क्रमांचे धक्के सगळ्या सिलिंडरांकडून एकाच वेळी एकाच दिशेने येतात. १८,००० ला ३ ने भागा : ६,००० फेरे. ६ ने भागा : ३,०००. ९ ने : २,०००. म्हणजे या काल्पनिक क्रँकला २,००० आणि ३,००० फेऱ्यांवर, अगदी रोजच्या चालवण्याच्या टप्प्यात, अनुनाद गाठतो. शिवाय साडेचारावा क्रमही असतो. त्यात पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, पण पुढच्या टोकाचा हेलकावा मागच्यापेक्षा मोठा असल्यामुळे ते पूर्ण कटत नाहीत. तो ४,००० वर येतो.

आता डँपर काय करतो? रबरावर बसलेली बाहेरची कडी हे दुसरं छोटं स्प्रिंग-वजन आहे. तिची वारंवारता क्रँकच्या वारंवारतेच्या थोडी खाली जुळवलेली असते. क्रँक हेलकावू लागला की कडी त्याच्या मागे रेंगाळते, रबर पिळलं जातं आणि ती ऊर्जा रबरात उष्णता होऊन जाते. आलेखात पाहिलं तर आधीचा एक उंच सुळका मोडून दोन बुटके उंचवटे तयार होतात, एक थोडा खाली, एक थोडा वर. रबराचा डँपर कंपन नाहीसं करत नाही. ते क्रँकला सोसवेल इतकं खाली आणतो.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अशी : डँपर क्रँकचा असतो. बाहेरचा व्यास जुळला, भोक जुळलं, पुलीचे बोल्ट जुळले म्हणजे डँपर जुळला असं नाही. कडीचं जडत्व आणि रबराचा कडकपणा हे दोन आकडे जुळले पाहिजेत, आणि नेमके तेच डोळ्यांना दिसत नाहीत.

---

सरळसहा

हे वाचून पहिल्यांदा चित्र स्पष्ट झालं. मग एक प्रश्न. माझ्या जुन्या डँपरचं रबर कडक झालंय. कडी घसरली नसती, तरीही तो निकामीच म्हणायचा का?

---

कंपनमापक

हो. वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. रबर ३० टक्के कडक झालं तर १.३ चं वर्गमूळ १.१४, म्हणजे वारंवारता १४ टक्के वर जाते. २५० ला जुळवलेली कडी २८५ ला जाऊन बसते. दिसायला डँपर धडधाकट, पण जिथे त्याची गरज आहे तिथे तो कमी काम करतो. त्यात जुनं रबर भेगाळलेलं असेल तर पिळाने आणखी फाटतं.

कल्पना यावी म्हणून गणित मांडतो. कडीची बाहेरची त्रिज्या ९० मिमी, आतली ७० मिमी, रुंदी ३० मिमी, लोखंडी. वजन येतं साधारण २.४ किलो, जडत्व साधारण ०.०१५ किलो-वर्गमीटर. ही कडी २५० हर्ट्झला जुळवायची तर रबराचा पिळाचा कडकपणा लागतो अंदाजे ३८,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. म्हणजे हब पक्का धरून कडीवर १०० न्यूटन-मीटरचा टॉर्क दिला, तर कडीच्या काठावर हालचाल दिसेल जेमतेम पाव मिलिमीटर. डायल गेज लावून हे घरच्या बाकावर मोजता येतं. स्थिर भाराखाली मोजलेला कडकपणा आणि चालत्या इंजिनातला कडकपणा वेगळा असतो, रबर वेगाने पिळलं की जास्त कडक वागतं. त्यामुळे या मापावरून अचूक हर्ट्झ काढायला जाऊ नका. पण दोन डँपरांची तुलना करायला, किंवा एकाच डँपरचं रबर भरण्याआधी आणि नंतरचं माप ताडून पाहायला ही युक्ती फार उपयोगाची आहे.

---

लेथवाला

मी मशीन शॉपवाला माणूस. हबवर नवं रबर भरलेले डँपर बरेच हाताखालून गेलेत, चांगलेही आणि वाईटही.

एक्सकेच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. तुमचा क्रँक मूळचा, पिस्टन मूळचे, रॉड मूळचे. मग हब आणि कडीही तुमचीच ठेवा आणि रबर नवं भरून घ्या. कडीचं जडत्व कारखान्याने ठरवलेलंच राहतं. उरतो फक्त रबराचा प्रश्न. म्हणून काम द्यायच्या आधी समोरच्याला नीट विचारा.

पहिलं, रबर जागेवरच साच्यात ओतून, उष्णता देऊन धातूला चिकटवणार, की तयार पट्टी दाबून बसवणार? दोन्ही पद्धती कारखान्यांत वापरल्या गेल्या आहेत, दोन्ही चालतात. पण दाबून बसवलेल्या पट्टीत पकड सगळी दाबावर असते, त्यामुळे फटीचं माप आणि पट्टीची जाडी यांत चूक झाली की कडी पुन्हा घसरते. चिकटवणाऱ्याने मात्र धातू पार कोरा करून, प्रायमर लावून काम केलं पाहिजे. थोडं तेल राहिलं तरी चिकटण सुटतं.

दुसरं, रबराचा कडकपणा कोणत्या आधारावर ठरवणार? "आम्ही सगळ्यांना एकच वापरतो" असं उत्तर आलं की तिथून उठा. चांगला कारागीर शोअर ए चा (रबराचा कडकपणा मोजायच्या मापाचा) आकडा सांगतो आणि तो या डँपरसाठी का, तेही सांगतो.

आणि काम झाल्यावर हब चकमध्ये धरून कडीची डगमग तुमच्या समोर दाखवायला सांगा, काठावरची आणि चेहऱ्यावरची, दोन्ही. कडी मध्यापासून सरकलेली असेल तर ती स्वतःच असंतुलन तयार करते. शून्याची खूणही हबच्या संदर्भाने नव्याने पडली पाहिजे. जुनी खूण तशीच ठेवून कडी कुठेही चिकटवलेले नग मी पाहिलेत. त्यावर टायमिंग लावलं की सगळा हिशोब चुकतो.

काम देण्याआधी कडी हबच्या मानाने किती पुढे-मागे आहे ते न विसरता मोजून ठेवा. कडी दोन-तीन मिलिमीटर सरकून चिकटली तर पट्ट्याची रांग बिघडते.

---

व्ही८प्रेमी

वाचतोय, फार छान चर्चा. सहाचा अनुभव नाही, पण अमेरिकन व्ही-८ बांधणाऱ्यांसाठी एक मुद्दा इथे यायलाच हवा, कारण पुढे कोणीतरी हा धागा शोधत येईल.

काही इंजिनांत डँपरवर मुद्दाम एका बाजूला जास्तीचं वजन असतं, कारण क्रँकचं संतुलन पूर्ण करायला आतल्या प्रतिवजनांना जागा पुरलेली नसते. शेव्हरलेच्या छोट्या ब्लॉकमध्ये ३५० चा जुना, दोन तुकड्यांच्या मागच्या सीलचा क्रँक आतूनच संतुलित असतो, ४०० चा मात्र बाहेरून, म्हणजे डँपर आणि फ्लायव्हील दोन्हीकडून. ३५० वर ४०० चा डँपर बसतो. बसतो म्हणून बसवला की इंजिन हादरत सुटतं. फोर्डच्या ३०२ मध्ये तर त्याच नावाच्या इंजिनात दोन प्रकार आहेत : जुन्यांना २८ औंस-इंचाचं असंतुलन, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० औंस-इंचाचं. दुकानात फक्त "३०२" सांगून डँपर मागणं पुरत नाही. क्रँक कोणता ते ओळखा, मग डँपर आणि फ्लायव्हील दोन्ही त्याच आकड्याचे घ्या.

टायमिंगच्या खुणेचंही तसंच. शेव्हरलेच्या छोट्या ब्लॉकमध्ये १९६९ च्या सुमारास डँपरवरच्या रेषेची चावीच्या खाचेशी असलेली जागा बदलली, त्याबरोबर कव्हरवरची पट्टीही बदलली. जुनी पट्टी आणि नवा डँपर असा जोड लावला तर खूण सुमारे ८ अंश खोटं बोलते. डँपर कितीही चांगला असो.

---

सरळसहा

धन्यवाद व्ही८प्रेमी. एक्सकेचा क्रँक आतूनच संतुलित आहे असं माझं वाचन आहे. पण माझ्या डँपरच्या मागच्या बाजूला ड्रिलची दोन उथळ भोकं आहेत. त्यांचा अर्थ काय लावायचा?

---

लेथवाला

बहुतेक वेळा तो डँपर स्वतंत्रपणे संतुलित करताना काढलेला थोडासा धातू असतो. चिंता नको. पण आधीच्या कोणी क्रँक, डँपर, क्लच, फ्लायव्हील असा सगळा जुडगा एकत्र संतुलित केला असण्याचीही शक्यता असते. रबर भरून आल्यावर डँपर आधी एकटा संतुलित करून घ्या, मग क्रँकला लावून संपूर्ण संच तपासा. तुमचा क्रँक नुकताच ग्राइंड झालाय, तेव्हा तसंही ते करायलाच हवं. डँपर एकटा शून्यावर आला की पुढे कधी बदलावा लागला तरी उरलेल्या संचाला धक्का लागत नाही.

---

सिलिकॉनपक्ष

मी वेगळी बाजू मांडतो, कारण सगळे रबराकडेच झुकलेले दिसतात.

द्रवाच्या डँपरमध्ये बंद कवचाच्या आत एक जड कडी सुटी असते आणि दोघांमधल्या अगदी अरुंद फटीत अत्यंत घट्ट सिलिकॉन द्रव भरलेला असतो. कवच क्रँकबरोबर थरथरतं, कडी सरळ फिरत राहू पाहते, मधला द्रव कापला जातो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. इथे एका ठरावीक वारंवारतेला जुळवायची गरज नाही. मोठ्या डिझेल इंजिनांत हे डँपर वर्षानुवर्षं चालत आलेत. ज्याने स्ट्रोक बदलला, हलके पिस्टन घातले, क्रँकची प्रतिवजनं घासली, त्याच्या क्रँकची वारंवारता कारखान्याच्या आकड्यावर राहिलेलीच नसते. त्याला मूळ रबराचा डँपर कितीही नवा घेतला तरी चुकीच्या जागीच जुळलेला असतो. तिथे द्रवाला तोड नाही.

रबर म्हातारं होतं. तेल, उष्णता, हवेतला ओझोन, सगळं त्याला खातं. द्रवाच्या डँपरला हा प्रश्न नाही.

---

कंपनमापक

सिलिकॉनपक्ष यांचा मुख्य मुद्दा योग्य आहे आणि बदललेल्या इंजिनासाठी मीही तोच सल्ला देईन. पण धागाकर्त्यांचं इंजिन मूळ मापाचं आहे. नेमक्या जागी जुळवलेली रबराची कडी त्या एका सुळक्यावर, तेवढ्याच वजनाच्या द्रवाच्या डँपरपेक्षा जास्त परिणामकारक ठरते. द्रवाच्या डँपरला तोच परिणाम साधायला जड कडी लागते आणि ते वजन क्रँकच्या नाकावर टांगलं जातं.

द्रवही अमर नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो घट्ट होऊ शकतो, गोठलाच तर कडी कवचाला बांधली जाते आणि मग ते नुसतं वजन उरतं. बाहेरून काहीच दिसत नाही, ही त्याची खरी अडचण. रबर निदान भेगा दाखवतं, खूण सरकवतं. आणि कवचाला पोचा आला की फट बंद, डँपर संपला. पुलर चुकीच्या जागी लावून, किंवा "जरा ठोकून" बसवताना हे होतं. कवचात भोक पाडून संतुलन करायचा तर विचारही नको.

एका शिक्क्याबद्दलही लिहितो, कारण जाहिरातीत तो ठळक असतो. शर्यतीच्या डँपरवर एसएफआय १८.१ असं लिहिलेलं असतं. ते प्रमाणपत्र डँपर भरधाव वेगात फुटून तुकडे उडणार नाहीत याबद्दलचं आहे. सुरक्षेसाठी मोलाचं आहे. पण हा डँपर तुमच्या क्रँकला जुळतो का, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

---

सिलिकॉनपक्ष

मान्य, मूळ मापाच्या इंजिनात फरक कमी आहे. पण "नेमक्या जागी जुळवलेली" या शब्दांवर सगळं उभं आहे, हे तुम्हीच वर लिहिलंय. नव्याने भरलेलं रबर नेमक्या जागी जुळलंय याची खात्री कोण देतं? ती मिळत नसेल तर जुळवणीची गरजच नसलेला डँपर जास्त भरवशाचा, हे माझं म्हणणं कायम आहे.

---

कंपनमापक

हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच लेथवाल्यांचा दुसरा प्रश्न मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. कडकपणा कशावरून ठरवला याचं उत्तर नसेल, तर मीही सिलिकॉनपक्षांच्या बाजूने जाईन.

---

जुनीगाडी_नवाहात

मध्येच विचारतो. न वापरलेला, मूळ कंपनीच्या खोक्यातला जुना डँपर मिळाला तर? धागाकर्त्यांनी तो पर्याय लिहिलाय, पण त्यावर कोणी बोललं नाही. मला तर तोच सर्वांत चांगला वाटत होता. कारखान्याचा माल, एकदाही न फिरलेला.

---

लेथवाला

धातूचे भाग असते तर मीही डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. रबराचं वय मात्र खोक्यातही वाढतं. एक्सके ४.२ हे १९६४ चं इंजिन. त्या काळातलं रबर इंजिनावर न चढताही इतकी वर्षं हवेत, उष्णतेत पडून आहे. नख रोवून बघा, नवं रबर दबून परत येतं, जुनं दबतच नाही. असा नग मिळाला तर हब आणि कडी न झिजलेली आहेत म्हणून जरूर घ्या, पण रबर भरूनच वापरा.

नवीन बनावटीच्या तयार डँपरबद्दल : काही उत्तम आहेत, काही नुसते दिसायला तसे. वजन करा. मूळ डँपरच्या वजनात आणि नव्याच्या वजनात मोठा फरक असेल तर कडीचं जडत्व वेगळं आहे हे तिथेच कळलं. बनवणाऱ्याला विचारा की ३.८ आणि ४.२ साठी वेगवेगळे नग आहेत का. दोन्हींचा स्ट्रोक एकच, १०६ मिमी, पण क्रँक एक नाही.

---

स्पॅनर१३

आता बसवण्याबद्दल लिहितो. चांगला डँपर वाईट रीतीने बसवला की सगळी मेहनत वाया जाते.

एक्सकेत डँपर चिरलेल्या शंकूवर बसतो. मधला मोठा बोल्ट आवळला की शंकू दाबला जातो आणि पकड बसते. म्हणून शंकूची बाहेरची बाजू आणि डँपरचं भोक दोन्ही आरशासारखी स्वच्छ हवीत. ओरखडा किंवा उंचवटा असेल तर पकड एका कडेवरच येते. निळा मार्किंग रंग पातळ लावून एकदा बसवून काढा. रंग सगळीकडे सारखा उठला पाहिजे. जुन्या शंकूवर चकाकणारी घासलेली पट्टी दिसली तर तिथे डँपर हलत होता असं समजा आणि शंकू बदला. उतरवतानाही मागून दोन लिव्हर लावून, शंकूच्या टोकाला हलका झटका दिला की तो सुटतो. कडीला धरून ओढायचं नाही, कारण तो सगळा जोर रबरावर येतो.

एक्सकेत पुढचं ऑइल सील डँपरवर फिरत नाही, क्रँकवरच्या वेगळ्या डिस्टन्स पीसवर (अंतर राखणाऱ्या कड्यावर) फिरतं. त्यावर खाच पडली असेल तर तो तुकडा याच वेळी बदला. पुन्हा तिथवर उतरायला लागू नये.

व्ही-८ वाल्यांसाठी : तिथे हब क्रँकच्या नाकावर घट्ट दाबून बसतो आणि सील त्या हबवरच फिरतं. नाक मायक्रोमीटरने आणि भोक बोअर गेजने मोजा, घट्टपणासाठी तुमच्या डँपरसोबत आलेला आकडाच पाळा. बसवायला आट्याचं अवजार वापरा. हातोड्याने ठोकलं तर रबर सुटतं आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर घाव बसतात. लांब बोल्टने ओढायलाही जाऊ नका, दोन-चार आट्यांवर सगळा भार येऊन क्रँकच्या नाकातले आटे उपटले जातात.

---

सरळसहा

सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला. माझाच डँपर रबर भरायला देतोय. दोघांशी बोललो. एकाने कडकपणाबद्दल उडवून लावलं. दुसऱ्याने स्वतःहून विचारलं की इंजिन ३.८ की ४.२, पिस्टन कोणते, कडी किती घसरली होती, आणि मूळ रबराचा तुकडा जपून ठेवायला सांगितला. काम त्याच्याकडेच जाईल. देण्याआधी कडीची पुढची-मागची जागा मोजून ठेवतो, आणि परत आल्यावर डायल गेजची तपासणी करून आकडे इथे टाकतो.

एक शंका उरली. खूण तपासायला पिस्टन स्टॉप लावायचा, पण जग्वारमध्ये पहिला सिलिंडर मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला मोजतात. गाडीत इंजिन चढल्यावर तिथे हात घालणं अवघड जातं.

---

स्पॅनर१३

मग सहाव्यात, म्हणजे सर्वांत पुढच्या सिलिंडरमध्ये लावा. पहिला आणि सहावा पिस्टन एकदमच वर येतात, डँपरवरच्या खुणेला दोन्ही सारखेच. सगळे प्लग काढा, स्टॉप बसवा, हाताने सावकाश फिरवून पिस्टन टेकला तिथे डँपरवर एक खूण करा, उलट फिरवून टेकला तिथे दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. स्टार्टर चुकूनही लावू नका.

ते झालं की हब, रबर आणि कडी यांच्यावरून आडवी एक बारीक पांढरी रेघ ओढा. इंजिन चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आणि मग प्रत्येक तेलबदलाला ती पाहा. रेघ तुटली की कडी सरकली, टायमिंग लाइटची गरजही नाही.

---

चारसिलिंडर

छोटासा प्रश्न. माझ्या जुन्या चार सिलिंडरी गाडीला कारखान्यातूनच साधी पुली होती, डँपर नव्हताच. हा धागा वाचून वाटतंय की आता डँपर लावूनच घ्यावा. लावू का?

---

कंपनमापक

चार सिलिंडरचा क्रँक आखूड आणि ताठ असतो, त्याची वारंवारता इतकी वर असते की तुमच्या फेऱ्यांच्या टप्प्यात मोठा अनुनाद सहसा येत नाही. म्हणून कारखान्याने डँपर दिला नव्हता. इंजिन मूळ स्थितीत असेल तर साधी पुलीच ठेवा. काही चार सिलिंडरी इंजिनांच्या नंतरच्या आवृत्त्यांना मात्र कारखान्यानेच डँपर दिलाय. तुमचं इंजिन त्यांपैकी असेल आणि मधल्या कोणा मालकाने तो काढून साधी पुली बसवली असेल, तर डँपर परत यायला हवा. इंजिन क्रमांकावरून मूळ पार्ट्सच्या यादीत बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

---

चारसिलिंडर

यादी आहे. आज रात्री बघून क्रमांकासकट लिहितो.